सव्वीस चकत्या आणि एक पंचा

माझं काम धूळ शोधण्याचं आहे. पहिल्या भेटीत मी हे कुणाला सांगत नाही, कारण समोरचा माणूस लगेच स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवतो. आइंडहोवनच्या एका कंपनीत, जिथे चिप बनवणाऱ्या यंत्रांचे भाग जुळवतात, तिथे मी कण तपासते. यंत्राच्या आत नको तिथे एखादा कण सापडला की तो माझ्याकडे येतो. मी त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घालते आणि तो कशाचा, कुठून आला, आत शिरलाच कसा, याचा अहवाल लिहिते. केस, हातमोज्याचा तुकडा, कातडीचा पापुद्रा, एकदा तर कुणीतरी सकाळी खाल्लेल्या पावावरची खसखस. बहुतेक वेळा अपराधी शेवटी माणूसच निघतो.

आमच्याकडचा तो पांढरा पोशाख, टोपी, मास्क, दुहेरी हातमोजे, हे माणसाला वाचवायला नसतात. यंत्राला माणसापासून वाचवायला असतात. त्यामुळे दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं जग मास्कसाठी धावाधाव करू लागलं तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. माणूस हा मुळातच सतत काहीतरी गाळत फिरणारा प्राणी आहे, हे मी पंधरा वर्षं सांगत होते. कुणी ऐकत नव्हतं. नेदरलँड्समध्ये तेव्हाही ऐकलं नाही. इथल्या लोकांनी मास्क लावले नाहीत, दीड मीटर अंतर ठेवून टॉयलेट पेपर तेवढा साठवला.

आमच्या घरात मात्र एकाने सगळं ऐकलं, आणि जरा जास्तच ऐकलं. ते माझे सासरे.

ते फेब्रुवारीत सहा आठवड्यांसाठी आले होते, ट्युलिप बघायला. सासूबाई गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच प्रवास. मग विमानं बंद झाली. ट्युलिप फुलले, माळ्यांनी कापून टाकले, आणि सासरे इथेच. पुण्यातल्या एका मराठी शाळेत त्यांनी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं, शिवाय प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे असायची. किल्ली गेली तरी माणसाची सवय जात नाही. एप्रिल उजाडेपर्यंत त्यांनी आमचं घर ताब्यात घेतलं.

पुढच्या दाराजवळच्या बोळाला त्यांनी विलगीकरण कक्ष असं नाव दिलं. टपाल आलं की ते वेताच्या टोपलीत चोवीस तास पडून राहायचं. मग सासरे ते स्वयंपाकघरातल्या सांडशीने उचलून बाहेर काढायचे. सुपरमार्केटात निळ्या रंगाचं जळाऊ स्पिरिट मिळतं. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "अगं, हे तर आपलं स्पिरिटच्या दिव्याचं स्पिरिट! निळं केलंय फक्त." आपला एक जुना पंचा फाडून त्यांनी त्याचे बोळे केले, आणि त्या स्पिरिटने दुधाचे डबे, केळी, नवऱ्याचा माऊस आणि एकदा चुकून भाकरीचं पीठ असलेला डबा आतून पुसून काढला. नवरा बेडरूममध्ये दिवसभर मीटिंगमध्ये असायचा, त्यामुळे त्याला माऊसचा वास सोडून काहीच कळलं नाही. पूर्वी पातेली उतरवायला माझ्याकडे एक सांडशी होती. आता ती सरकारजमा झाली होती.

आता मुलीचं सांगते, कारण गोष्ट तिचीच आहे.

ती तेव्हा पंधरा वर्षांची, इथल्या माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाला. शाळा बंद, त्यामुळे वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर ती इंग्रजीत देते आणि भांडते डचमध्ये. तिसऱ्या वर्षी इथल्या मुलांना पुढचे विषय निवडावे लागतात. एक फॉर्म येतो, त्यावर खूण करायची. फिजिक्स ठेवायचं की सोडायचं, हे त्या एका खुणेवर ठरतं. मुलीला फिजिक्सला सहा होते, दहापैकी. तिचे शिक्षक म्हणाले, छान आहे, सहा म्हणजे पास, आवडत असेल तर ठेव. इथे सहा हा सन्मानाचा आकडा आहे. सहा मिळाले की लोक केक आणतात.

तिने निकाल जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दाखवला. त्याआधीचे तीन आठवडे सासरे रोज संध्याकाळी तिला फिजिक्स शिकवत होते आणि ती चक्क शिकत होती. त्यांच्या पद्धतीने प्रयोगवहीसुद्धा लिहायची, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. हे पाच शब्द तिने मराठीत पाठ केले होते, बाकी सगळं इंग्रजीत. तर सासऱ्यांनी चष्मा लावून आकडा बघितला आणि म्हणाले, "सहा? म्हणजे साठ टक्के. जेमतेम."

मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. मुलीने कागद घडी करून उचलला आणि वर गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला खूप होमवर्क होता. तिसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. सासरे आपले टेबलावर दोन पेन्सिली आणि पट्टी मांडून बसायचे, मग थोड्या वेळाने ती उचलून ठेवायचे. आठवड्याने ती मला म्हणाली, "आय ॲम ड्रॉपिंग फिजिक्स. इट्स फाइन, रिलॅक्स." फॉर्म द्यायला अजून तीन आठवडे होते.

मी रिलॅक्स होणाऱ्यांतली नाही. तिच्या फिजिक्सच्या शिक्षकांनी पालकांना मेल पाठवली होती, कुणी आपल्या कामाबद्दल वर्गाला ऑनलाइन सांगेल का. मी मुलीला न विचारता होकार कळवला. तिला कळलं तेव्हा आधी डचमध्ये दहा मिनिटं भाषण झालं, मग अटी आल्या. मी तिची आई आहे हे सांगायचं नाही. तिच्याकडे बघायचं नाही. विनोद करायचे नाहीत. वर्गात भारतीय आडनावाची ती एकटीच, आणि तेच आडनाव स्क्रीनवर माझ्या चौकोनाखाली येणार होतं, पण हा मुद्दा मी काढला नाही.

माझी कल्पना अशी. प्रत्येक मुलाला एक पाकीट पाठवायचं. आत एक छोटी डबी, डबीत नाण्याएवढी ॲल्युमिनियमची चकती, चकतीवर काळी चिकट पट्टी. मुलाने ती घरात कुठेतरी धुळीवर दाबायची, कुठे दाबली ते चिठ्ठीवर लिहायचं आणि परत पाठवायची. मी ती धूळ मायक्रोस्कोपखाली घालून फोटो काढणार, आणि वर्गात मुलांनी ओळखायचं काय काय आहे ते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, हे वाक्य ऐकून आजवर कुणालाही काहीही झालेलं नाही. पण स्वतःच्या पलंगाखालची धूळ हजारपट मोठी दिसली की माणूस सरळ बसतो.

कंपनीत परवानगी मागायला गेले. मॅनेजर सहा फूट पाच इंच, शांत माणूस. त्याने अर्ज दोनदा वाचला. "म्हणजे आपल्या इमारतीत धूळ येऊ नये म्हणून आपण तुला ठेवलंय, आणि तुला सव्वीस घरांची धूळ आत आणायची आहे."

"हो."

"आपल्याकडे नाही का धूळ?"

"नाही. तेच तर माझं काम आहे."

त्याने यावर बराच विचार केला आणि सही केली. मायक्रोस्कोप मुख्य कारखान्याच्या बाहेरच्या खोलीत आहे, म्हणून जमलं. मंगळवारची दुपार मिळाली. वर्ग बुधवारी, मुलीचा फॉर्म शुक्रवारी. कंपनीत बाहेरचं खासगी टपाल तेव्हा घेत नव्हते, त्यामुळे पाकिटांवर मी घरचा पत्ता दिला.

इथे मी चुकले. पाकिटं येतील हे मी सासऱ्यांना सांगितलं. त्यात काय असेल ते सांगितलं नाही.

पाकिटं गुरुवारपासून शनिवारपर्यंत येत राहिली. कामावरून आल्यावर मी टोपलीतला ढीग बघायची आणि मनात म्हणायची, वा, मुलं किती नियमित. मुलीनेही तिची डबी टपालात न टाकता थेट टोपलीत टाकली. तीसुद्धा चोवीस तास विलगीकरणात राहिली, कारण नियम म्हणजे नियम. रविवारी सकाळी मी डब्या मोजायला बोळात गेले तर टोपली रिकामी. सासरे दिवाणखान्यात खिडकीपाशी उभे होते आणि खिडकीत उन्हाला आमचं मोठं स्टीलचं ताट ठेवलेलं. ताटात सव्वीस चकत्या, रांगेत, लखलखीत. प्रत्येकीच्या खाली तिची चिठ्ठी.

"काय तुमच्या इथल्या शाळेतली मुलं," ते म्हणाले. "साहित्य परत केलं, पण एकाने धुऊन दिलं नाही गं. सगळ्या चकत्यांवर घाण! आमच्याकडे बीकर विसळून, पालथा घालून दिल्याशिवाय पोराला घरी जाऊ देत नव्हतो मी. तो काळा डिंक काही निघाला नाही. पण वरची घाण स्पिरिटने घासघासून काढली बघ."

मी ताटातल्या चकत्या मोजल्या, सव्वीसच्या सव्वीस.

पुढच्या पाच मिनिटांत मला काय काय वाटलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, दोन महिन्यांत पहिल्यांदा शाळेचं काहीतरी हातात आल्याचा, तो बघून माझ्याने खरं सांगवेना. मी म्हटलं, "छान झाल्यात हं, बाबा." आणि ताट उचलून गॅरेजमध्ये नेलं. आता मी काय केलं तेही सांगते. मी त्या चकत्यांवर खोटी धूळ लावायचं ठरवलं.

पण आमच्या घरात धूळ नव्हती. मी पलंगाखाली गेले, कपाटावर चढले, टीव्हीच्या मागे हात घातला. सगळीकडून स्पिरिटचा वास. दोन महिने तो माणूस माझ्या मागे माझंच काम माझ्यापेक्षा चांगलं करत होता. शेवटी मी कुंपणापाशी गेले. शेजारीण सत्तरीची, एकटी राहणारी, एक केसाळ कुत्रा असलेली बाई. ती बागेत बसली होती. दीड मीटरवरून मी विचारलं, "तुमच्याकडे थोडी धूळ मिळेल का?"

कशाला, असं तिने विचारलं नाही. डच लोकांचं हे मला आवडतं. तिने विचारलं, "वरच्या मजल्याची हवी की खालच्या?"

व्हॅक्युमची पिशवी तिने बागेतल्या दाताळ्याच्या टोकाला अडकवून कुंपणावरून दिली. मी गॅरेजमध्ये चिमटा घेऊन बसले. 'कुत्र्याचं अंथरूण' या चिठ्ठीच्या चकतीवर शेजारणीच्या कुत्र्याचे दोन केस लावले. 'सोफ्याच्या फटीत' इथे थोडा पावाचा चुरा. 'सायकलच्या घंटीवर' जरा माती. 'आजीचा पियानो' या चकतीपाशी मात्र थांबले. पियानोवरची धूळ कशी असते, मला खरंच माहीत नव्हतं. मग तीच खालच्या मजल्याची लावली.

"काय करतेस गं?"

सासरे गॅरेजच्या दारात उभे. हातात सांडशी. ते बघत होते की मी त्यांच्या धुतलेल्या चकत्या पुन्हा मळवते आहे. मग मला सांगावंच लागलं. काय होतं, कशासाठी होतं, सगळं. मी जितकं सौम्य सांगता येईल तितकं सौम्य सांगितलं. ते ऐकत ऐकत गॅरेजमधल्या घडीच्या खुर्चीवर बसले.

"म्हणजे मी नमुना धुतला," ते म्हणाले.

"अहो, होतं असं."

"मी. नमुना. धुतला." मग त्यांनी माझ्या हातातल्या चिमट्याकडे बघितलं. "आणि तू रीडिंग बनवतेस."

मी चिमटा खाली ठेवला.

"मागच्या बाकावरची पोरं उत्तर आधी लिहायची आणि त्यावरून रीडिंग काढायची. मला वास यायचा. मी शून्य द्यायचो, आणि कारण लिहायचो लाल शाईने. पालक भांडायला यायचे. मी एकदाही बदलले नाहीत."

"बाबा, मी तुमच्यासाठीच करतेय हे!" मी ओरडलेच. "बुधवारी काय सांगू मुलांना? माझ्या सासऱ्यांनी चकत्या घासल्या म्हणून?"

"हो," ते म्हणाले. "तेच सांगायचं."

मग त्यांनी मला सगळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवायला लावल्या. चिठ्ठ्या डचमध्ये होत्या, त्यांना कळत नव्हत्या, आणि आपल्या हातून काय काय गेलं ते त्यांना ऐकायचं होतं. मी वाचत गेले. पलंगाखाली. बाबांच्या गिटारमध्ये. ससुल्याच्या पिंजऱ्यापाशी. ते प्रत्येकाला मान हलवत होते. पंधरावी की सोळावी चिठ्ठी मुलीची. मी ती बाजूला सरकवायला गेले, पण त्यांनी अक्षर ओळखलं.

"ही आपली ना? काय लिहिलंय?"

"फिजिक्सच्या पुस्तकावरून."

त्यांना समजायला एक क्षण लागला. "पुस्तकावर धूळ बसली?"

"हो."

"कधीपासून?"

आता मीही थकले होते. "तुम्ही जेमतेम म्हणालात ना, तेव्हापासून. आणि मी काहीच बोलले नाही, तेव्हापासून."

ते उठले आणि सांडशी जाऊन तिच्या जुन्या खिळ्याला, ओट्याच्या वर, अडकवून आले. त्या दिवशी केळी पुसली गेली नाहीत. गॅरेजच्या दारातून दिसणाऱ्या जिन्यात काहीतरी वाजलं म्हणून मी वर बघितलं तर मुलगी वरच्या पायरीवर बसलेली. किती ऐकलं होतं देव जाणे. "सो यू वेअर फेकिंग डेटा," ती म्हणाली. "वॉव, आई." आणि खोलीत गेली.

मंगळवारी चार खोट्या चकत्या वेगळ्या ठेवल्या आणि बावीस धुतलेल्या घेऊन मी कंपनीत गेले. वाटलं, काही नसणारच, पण एकदा बघू. पहिली चकती आत घातली, पडद्यावर चित्र आलं, आणि मी स्वतःशीच हसायला लागले.

चिकट पट्टी घासून स्वच्छ होत नसते. ती घासणाऱ्याचंच धरून ठेवते. पडद्यावर कापसाचे तंतू होते, चपटे, पीळ पडलेल्या फितीसारखे. पंचाच तो. दुसऱ्या चकतीवर तेच. तिसरीवर तेच, शिवाय कातडीचे पापुद्रे, कोरडे, कडा उचललेले. आठवीवर गोल गोल दाणे दिसले, त्यांचा पिवळा रंग या यंत्रात दिसत नाही पण मला ओळखता आले. हळदीतला स्टार्च. सकाळची फोडणी सासरेच टाकायचे. बावीस घरांतली बावीस कहाण्यांची धूळ जाऊन तिथे एकच माणूस शिल्लक होता, वय एकोणऐंशी, विधुर, पुणे.

मला त्याक्षणी त्या म्हाताऱ्याची इतकी माया वाटली की मी खोलीचं दार लावून घेतलं. आणि रागही आला, माझे सव्वीस नमुने! दोन्ही एकदम. मग सवयीने अहवालाचा फॉर्म उघडला आणि 'स्रोत' या रकान्यात लिहिलं, एक माणूस.

बुधवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. पडद्यावर सव्वीस काळे चौकोन आणि एक शिक्षक. शिक्षकांच्या मांडीवर एक गिनीपिग होता, त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. मुलगी वरच्या खोलीतून त्याच वर्गात हजर, काळा चौकोन, आवाज बंद. सासरे स्वयंपाकघरात होते. त्यांनी वर कोट घातला होता, खाली पायजमा.

मी मुलांना सांगितलं की तुमचा केस साधारण एक लाख नॅनोमीटर जाड असतो, आणि आमच्या यंत्रातून ज्या रेषा काढतात त्या काही नॅनोमीटरच्या. मी सांगितलं की कातडीचा एक पापुद्रा त्या रेषांवर पडला तर सगळं मुसळ केरात. अर्थात हे डचमध्ये नीट सांगता आलं नाही. एका चौकोनातून आवाज आला, "म्हणजे तुम्ही साफसफाई करता?"

"हो," मी म्हटलं. "पण त्यासाठी फिजिक्स लागतं."

दुसरा चौकोन म्हणाला, "आणि केमिस्ट्री?"

"तीही लागते. आणि चिवटपणा. मला कॉलेजात कुणी हे सांगितलं नव्हतं. मला वाटायचं शास्त्रज्ञ म्हणजे काहीतरी शोधून काढणारे. मी पंधरा वर्षं इथे, हे इथे का आहे, एवढंच विचारते."

मग मी फोटो दाखवले. कुणी म्हणालं नूडल्स. कुणी म्हणालं जंत. एकाने विचारलं, हाच का कोरोना? मी एकामागून एक दाखवत गेले, आणि बाराव्या फोटोला एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, हे सगळे सारखेच आहेत. आमच्या घरात आणि सगळ्यांच्या घरात एकच धूळ कशी असेल? हे बरोबर नाही."

त्या मुलीला मी त्याच दिवशी नोकरी दिली असती.

"बरोबर नाहीच," मी म्हटलं, आणि पुढे काय बोलावं ते ठरवेपर्यंत सासरे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. एका हातात पंचाचा बोळा, दुसऱ्या हातात वहीचं पान. रविवारपासून ते ते पान लिहीत होते.

"गुड मॉर्निंग, स्टुडंट्स," ते म्हणाले. चौतीस वर्षांचा आवाज होता तो, गिनीपिगसुद्धा दचकला. "एम ऑफ द एक्सपेरिमेंट: टू ऑब्झर्व्ह द डस्ट ऑफ युवर हाउस. ॲपरॅटस: डिस्क, ट्वेंटी-सिक्स. प्रोसीजर: आय वॉश्ड इट." त्यांनी बोळा कॅमेऱ्यासमोर धरला. "विथ धिस. आय थॉट इट वॉज डर्टी. ऑब्झर्व्हेशन: ओन्ली माय क्लॉथ अँड माय स्किन. सोर्स ऑफ एरर," आणि इथे त्यांनी पान खाली केलं, "मायसेल्फ."

मीही सांगून टाकलं. चार चकत्यांवर मी शेजारणीची धूळ लावली होती, ते चूक होतं, आणि ते कुणी ओळखलं असतं की नाही हा प्रश्नच नाही. शिक्षक म्हणाले, हे फारच उपयुक्त होतं. हे वाक्य इथे अंत्ययात्रेलाही वापरतात.

सासरे जायला तयार नव्हते. "नाऊ मार्क्स," ते म्हणाले. "आउट ऑफ टेन. प्लीज. आय हॅव ऑल्वेज गिव्हन झीरो फॉर धिस."

सव्वीस काळे चौकोन. शिक्षक गिनीपिगला कुरवाळत राहिले. ते म्हातारे हात वहीचं पान घट्ट धरून होते, आणि मला कळलं की हा माणूस विनोद करत नाहीये. त्यांना खरंच शून्य हवं होतं, पुरं करून टाकायला.

मग एका चौकोनात उजेड आला. आमची वरची खोली, आमचा पडदा, न विंचरलेले केस. आधी मला तिचा आवाज जिन्यातून आला आणि अर्ध्या सेकंदाने लॅपटॉपमधून.

"ते माझे आजोबा आहेत," ती डचमध्ये वर्गाला म्हणाली. "आणि ती माझी आई आहे, दुर्दैवाने." मग ती मराठीत बोलली, पंचवीस डच घरांसमोर, आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला. "आजोबा. सहा."

सासऱ्यांनी चष्मा वर केला. शिक्षकी सवय, त्यांना राहवलं नाही. "चार कशाचे कापले?"

"कृती चुकली." ती थांबली, पुढचा शब्द शोधत. "पण निरीक्षण खरं आहे. सहा म्हणजे पास, आजोबा. जेमतेम नाही. पास."

त्यांनी पंचाचा बोळा आधी कोटाच्या खिशात ठेवला, मग परत काढून त्याने डोळे पुसले. त्याला स्पिरिट होतं. त्यानंतरची पाच मिनिटं मी त्यांचे डोळे नळाखाली धुवत होते, आणि वर्गाने ते सगळं पाहिलं, कारण लॅपटॉप बंद करायचं कुणाला सुचलं नाही. एकेक करून बाकीचे कॅमेरेही सुरू झाले होते.

संध्याकाळी त्यांनी टेबलावर दोन पेन्सिली आणि पट्टी मांडली. मुलगी खाली आली. तिने हाताने पुस्तक झटकलं, धूळ माझ्या ताटात पडली, आणि मी काहीही बोलले नाही.

शुक्रवारी तिने फॉर्म भरला. फिजिक्सपुढे खूण होती. न राहवून मी विचारलं, कसं काय ठरवलंस? "समवन हॅज टू चेक यू पीपल," ती म्हणाली.

सासरे जूनमध्ये खास विमानाने परत गेले. विमानतळावर मास्क, फेस शील्ड, दुहेरी हातमोजे, माझ्या सहकाऱ्यांनाही लाजवेल असा पोशाख. सामानात त्यांनी नातीची चकती मागून घेतली होती, डबीसकट, चिठ्ठीसकट. ती आता पुण्यात त्यांच्या टेबलावर आहे. मोलकरणीला सक्त ताकीद आहे, ती डबी पुसायची नाही.